मोराचं तोंड कुणीकडं

"मोर तर तोच हाय ना?"

"मोर तोच हाय तात्या. तोंड उलटं हाय."

"मग? पाखरूच हाय ते. फिरवतंय मान कधी इकडं, कधी तिकडं."

"आवो, कागदावरचं पाखरू मान फिरवत नसतं! ट्रेडमार्कच्या कागदावर आपला मोर डावीकडं बघतोय. पाटीवर, पिशवीवर, वेबसाइटवर उजवीकडं बघतोय. ते म्हणतात, हे दोन निराळे मोर हायेत."

"कोण म्हणतं?"

"सर्टिफिकेट देणारे."

"त्यांनी पैठणी बघितलीय का जन्मात?"

औरंगपुऱ्यातल्या 'आवडाई पैठणी' या दुकानात भर दुपारी हे चाललं होतं. गादीवर जालन्याच्या मायलेकी अंजिरी पैठणी मांडीवर घेऊन बसलेल्या, पण साडी राहिली बाजूला आणि दोघी टेनिसचा सामना बघावा तशा एकदा बापाकडं, एकदा लेकीकडं माना वळवत होत्या. गल्ल्यामागं तात्यासाहेब. समोर त्यांची थोरली लेक मोनिका, उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर पेललेला, आरतीचं ताट धरावं तसा.

"तुम्ही बघा ताई निवांत," तात्यासाहेब जालन्याच्या बाईंना म्हणाले. "आमच्या मोराची मान लचकलीय जरा."

पोरगी फिस्सकन हसली. मोनिका हसली नाही. गेले कित्येक आठवडे तिला कशाचंच हसू येत नव्हतं.

मोनिकानं एम.कॉम. केलं, बँकेच्या परीक्षा दिल्या, दोनदा अगदी काठावर येऊन हुकल्या. "तोवर दुकानात बस" असं तात्यासाहेब म्हणाले, आणि ती बसली ती बसलीच. गिऱ्हाइकापुढं साडी उलगडायची कला तिच्या हातात नव्हती. बोलतानाही ती अवघडायची. पण लॉकडाउन लागला, शटर खाली आलं, आणि मोनिकाला तिचं काम सापडलं.

मागावरची पैठणी काही आठवड्यात होत नाही. गिऱ्हाईक आगाऊ पैसे देतं आणि महिनोन् महिने घोर लावून बसतं, की साडी चाललीय का आपले पैसे चाललेत. मोनिकानं काय केलं, दर शुक्रवारी पैठणला आपल्या मागांवर जायचं, ज्याच्या त्याच्या साडीचा फोटो काढायचा आणि शनिवारी सकाळी ज्याला त्याला मेल करायचा. 'आज तुमच्या पदरावर दुसरा मोर बसला. त्याला अजून पाय यायचेत. तुमचा जांभळा रंग उन्हात फार गोड दिसतो.' एवढंच. बोलताना अडखळणारी पोर लिहिताना मात्र अशी मोकळी सुटायची! पुण्याची गिऱ्हाइकं जोडली गेली, बंगळूरची, पार दुबईचीसुद्धा. एक बाई ते पत्र सासूला वाचून दाखवायची. सासू साडीपेक्षा पत्राची वाट बघायची. आज दुकानातल्या निम्म्याहून जास्त पैठण्या त्या शनिवारच्या पत्रावर जात होत्या. पण मोनिकाच्या लेखी हिशोब साधा होता. या दुकानात तिचं स्वतःचं असं काही असेल, तर ते पत्र.

आणि त्याच पत्राला चोर लागला.

तसंच पत्र, तसाच फोटो, तसाच मोर. खाली फक्त एक ओळ जास्तीची : उरलेली रक्कम आजच भरावी, म्हणजे साडी मागावरून उतरवता येईल. नाशिकच्या अंबिकाताईंनी लेकीच्या लग्नाच्या पैठणीचे म्हणून भरले पैसे. पोलिसांत तक्रार झाली, शिक्के झाले, गेलेलं काही आलं नाही. अंबिकाताईंचा फोन दुकानात आला तो नेमका तात्यासाहेबांनी उचलला. बाई भांडली असती तरी परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तात्यासाहेब, तुमच्याच मोरानं मला गंडवलं हो."

त्या दिवशी तात्यासाहेबांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बंदोबस्त कर. न्हाईतर ते पत्राचं दुकान बंद. आपलं शटर हाय तेवढं बास."

बंदोबस्त सांगितला चिन्मयनं. सिडकोत एका क्लासच्या वर त्याचं एका खोलीचं ऑफिस. वेबसाइटी करून द्यायचा. बोलायचा असं हळू, की समोरच्याला आपण आजारी आहोत असं वाटावं.

"मोनिका मॅडम, मेल उघडायच्या आधीच, इनबॉक्समध्ये, तुमच्या नावाशेजारी तुमचा लोगो दिसेल. आणि त्याच्याशेजारी निळी खूण. चोराला नाव चोरता येईल, फोटो चोरता येईल. ही खूण चोरता येणार नाही. कारण तुम्ही तुम्हीच आहात आणि लोगो तुमचाच आहे, हे एक कंपनी आधी तपासते."

"मग करा की सुरू!"

"करू. थोडा पेशन्स लागेल."

थोडा!

पहिल्यांदा डोमेनला कुलूप लावायचं होतं, म्हणजे 'आवडाई'च्या नावानं दुसऱ्या कुणी मेल पाठवला तर तो वाटेतच मरावा. कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी कर भरून देणाऱ्या अनंतरावांचा फोन : "अहो, तुमची बिलं मला येईनात!" बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर निराळं, त्याला किल्ली द्यायचीच राहिली होती. तात्यासाहेब म्हणाले, "वा! चोर राहिला मोकळा अन् घरमालक कोंडला."

मग मोराचं चित्र. ते म्हणे एका ठराविक पद्धतीच्या फाइलमध्येच लागतं, त्यात उतरत्या छटा चालत नाहीत. पिसाऱ्यातला मोरपिशी काढला, सोनेरी काढला, सपाट रंग भरले. तात्यासाहेबांनी स्क्रीनकडं बघितलं. "न्हाव्याकडनं आणलाय का?"

मग दुकान खरंच दुकान आहे का, याची चौकशी. कंपनीचा फोन दुकानाच्या नंबरवर येणार होता. मोनिका दिवसभर फोनपाशी बसून राहिली, आणि चहा आणायला म्हणून दोन पावलं गेली तेवढ्यात वाजला. पलीकडं फाडफाड इंग्रजी. तात्यासाहेबांनी ऐकून घेतलं आणि अदबीनं विचारलं, "नऊवारी का सहावारी?" पलीकडच्यानं फोन ठेवला. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट.

अर्ज यातून तरून जाईल या भरवशावर मोनिकानं एक आगाऊपणा करून ठेवला होता. सगळ्या गिऱ्हाइकांना तिनं कळवलं होतं : दसऱ्यापासून आमच्या पत्राशेजारी मोर आणि निळी खूण दिसेल. खूण नसेल तर ते पत्र आमचं नव्हे, उघडू नका.

आणि आज उत्तर आलं होतं. अर्जातला लोगो आणि नोंदणीतला लोगो जुळत नाहीत.

"नोंदणीचा नंबर मीच भरला," मोनिका म्हणाली. तिचा आवाज आता पार खाली आला होता. "नंबर बरोबर होता. कागदावरचा मोर कुणी डोळे फाडून बघतंय का? मोर तो मोर. हे असं झालं कसं तात्या?"

तात्यासाहेबांनी गल्ल्याच्या कडेवरची धूळ बोटानं पुसली. "नोंदणी करणारा एजंट म्हणाला, तुमचं चिन्ह द्या. मी पदरातला एक मोर कातरून दिला. आपल्या कपड्याला पालथं-सुलटं असतं का? हिकडनं बी मोर, तिकडनं बी मोर. ठेवला असंल त्यानं मशीनवर कसा बी."

जालन्याच्या बाईंनी हे ऐकून हातातला पदर उलटून बघितला. खरंच, तिकडूनही मोर. फक्त तोंड दुसरीकडं.

तेवढ्यात चिन्मयचा फोन. मोनिकानं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"मॅडम, घाबरण्यासारखं काही नाही. कागदावर जो मोर आहे, तोच मेलला लावू. डावीकडे बघणारा. पाटी तशीच राहू दे. फक्त एक, ट्रेडमार्क तात्यासाहेबांच्या नावावर आहे आणि ऑनलाइन फर्म तुमच्या. तेव्हा 'माझ्या मुलीला हा मोर वापरू देत आहे' अशी त्यांची सही लागेल. बस. दोन-चार दिवसांत होऊन जाईल."

मोनिकानं हुश्श केलं. लॅपटॉप गादीवर ठेवला. कितीतरी दिवसांनी तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "करा हो चिन्मय! तात्या, ऐकलं ना? एक दस्तखत—"

"न्हाई."

"काय न्हाई?"

"डावा मोर आपला न्हाई. तो अप्पाचा हाय."

अप्पाराव म्हणजे तात्यासाहेबांचे धाकटे भाऊ. पैठणला राहतात, माग चालवतात, धरण बघायला आलेल्या लोकांना साड्या विकतात. मोनिका तेव्हा रांगत होती, जेव्हा दोघा भावांची वाटणी झाली. शेत अर्धं अर्धं झालं, माग अर्धे अर्धे झाले, आईचं नाव दोघांनी लावायचं ठरलं. अडलं ते मोरावर. हा मोर आवडाबाईनं, त्यांच्या आईनं, स्वतः पदरावर बसवलेला. दोघांनाही तोच पाहिजे. पंच दमले. शेवटी आवडाबाई उठली, तिनं पदर उजेडापुढं धरला. "ह्यो बघा, उजवीकडं बघतोय. ह्यो तात्याचा." मग पदर उलटा केला. "आता डावीकडं बघतोय. ह्यो अप्पाचा. मोर मोडला न्हाई अन् घर बी न्हाई. द्या जबान." दोघांनी तिच्या हातावर हात ठेवून जबान दिली. तेव्हापासून शहरातला मोर उजवीकडं बघतो, पैठणचा डावीकडं. भाऊ मात्र एकमेकांकडं फारसे बघत नाहीत. लग्नकार्यात भेटतात, पंगतीच्या दोन टोकांना बसतात.

"पण कागदावर तो तुमचाच हाय ना!" मोनिका ओरडली.

"कागदावर हाय. जबानीत न्हाई."

"तात्या, मेलवर रुपयाएवढा मोर दिसणार हाय, रुपयाएवढा! त्यानं अप्पाकाकांचं काय जातंय?"

चिन्मय फोनवरच होता. हळूच म्हणाला, "उजव्या मोराची नवी नोंदणी करता येईल. पण वर्ष कुठं गेलं कळणार नाही. नोंदणीशिवायही एक धाकटं सर्टिफिकेट मिळतं. त्यात मोर दिसतो, पण निळी खूण येत नाही."

"मी सगळ्यांना निळी खूण सांगून बसलेय हो!"

"हो," चिन्मय म्हणाला. "ते मला आधी विचारायला हवं होतं, मॅडम."

तात्यासाहेब उठून शेल्फाकडं वळले, पाठमोरेच बोलले. "अप्पा व्हय म्हणाला तर मी सही करतो. माझ्यापाशी माथं आपटू नको."

दुसऱ्या दिवशी मोनिका एसटीनं पैठणला गेली. दर शुक्रवारी जायची, पण काकाच्या गल्लीच्या तोंडावरून पुढं जायची. आज वळली. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, ती भामाकाकूनं दारातच उधळली.

"अगं बया! मोनी? रस्ता चुकलीस का कुणी वारलं?"

"कुणी न्हाई वारलं काकू."

"मग बस. बातमी चहानंतर सांग. बिनचहाची वाईट बातमी पचत न्हाई."

अप्पाराव मागावर बसले होते. अंगात बनियन, कानावर चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी हात न थांबवता ऐकलं. चोराचं ऐकलं, अंबिकाताईंचं ऐकलं, निळ्या खुणेचं ऐकून म्हणाले, "म्हंजे आता मोराला बी आधार कार्ड." मोनिका हसली, इथंवर सोपं गेलं होतं. मग तिनं कागदावरच्या तोंडाचं सांगितलं, आणि मागावर इकडून तिकडं पळणारा धोटा थांबला.

"कोणता मोर म्हणलीस?"

"डावा. तुमचा. तात्याच्या नावावर नोंदलाय. चुकून झालंय काका. एजंटनं तुकडा उलटा ठेवला."

"कधी नोंदला?"

"वाटणीनंतर लगेच."

अप्पाराव मागातून बाहेर आले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. भामाकाकू कप घेऊन आली ती तिथंच उभी राहिली.

"म्हंजे इतकी वर्षं," अप्पाराव म्हणाले, "माझ्या दारावरची पाटी कागदानं तात्याची. उद्या त्याचा वकील आला, तर माझाच मोर म्या चोरला म्हणंल."

"तात्या असं करतील का कधी?"

"करंल असं म्या कुठं म्हणलं? करू शकतो, म्हणतोय."

"काका, मला फक्त मेलवर पाहिजे. पाटी नको, पिशवी नको, साडी नको. हवं तर तुमच्याबी पत्रांचं मी बघते. तुम्ही फक्त व्हय म्हणा, तात्या सही करतो म्हणालेत."

"असं म्हणला? सही करतो म्हणला?"

"तुम्ही व्हय म्हणालात तर."

अप्पारावांनी मागावरच्या पदरावर तळवा ठेवला. "मोने, पालथं-सुलटं नसतं, हे आपण गिऱ्हाइकाला सांगतो. खरं बी हाय ते, डोळ्याला नसतंच. पण ज्यानं मागावर बसून उमर घालवली, त्याचा हात फिरला की बोटांना कळतं कुठलं अंग वरचं. तुझा बाप माझ्याशेजारी ह्याच मागावर बसायचा. माझ्यापेक्षा बारीक हात होता त्याचा."

"म्हणजे?"

"म्हंजे काय न्हाई. माझा व्हय हाय. लाव तुझा मोर, पत्रं पाठीव. पण एक सवाल विचार बापाला. तुकडा एजंटच्या हातात देताना ठाऊक होतं का? न्हाई म्हणला, तर म्या मानीन. व्हय म्हणला, तरी रागावणार न्हाई, आता कशाला रागवायचं. पण त्याच्या तोंडून ऐकल्याबिगर माझा व्हय धरू नको."

"आणि खोटंच न्हाई म्हणाले तर?" भामाकाकूनं विचारलं.

"तात्या गप बसंल," अप्पाराव म्हणाले, "खोटं बोलायचा न्हाई."

एसटीत मोनिकाला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. तिला संताप आला होता आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं. परदेशातल्या कंपनीवर? चिन्मयवर? मेलेल्या आजीवर, जिनं न्याय केला तो पदर उलटा-सुलटा करून? चोर कुठंतरी पंख्याखाली बसून दुसऱ्या कुणाचा लोगो चोरत असेल. आणि इथं आपण दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध, निरोप्या कबुतरासारखं. एक म्हणतो त्याला विचार, दुसरा म्हणतो ह्याला विचार. निळ्या खुणेचं कुणालाच काही नाही.

ती दुकानात आली तेव्हा उजेड उतरत होता, बाहेर गल्लीत रिक्षा एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. गिऱ्हाईक नव्हतं. तात्यासाहेब दिवसभर उलगडलेल्या साड्या घडी घालत होते. ती आल्या आल्या फोन वाजला.

"मॅडम, कंपनीचं स्मरणपत्र आलंय," चिन्मय म्हणाला. "उद्यापर्यंत सहीचा कागद गेला नाही, तर अर्ज बंद होईल. मग पुन्हा पहिल्यापासून. दसरा गाठता येणार नाही."

"थांबा. फोन चालू ठेवा." तिनं फोन गल्ल्यावर ठेवला. "तात्या, अप्पाकाका व्हय म्हणाले."

तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की क्षणभर ते तिच्या लहानपणीचे दिसले. "म्हणला? खरंच? दिलदार हाय रं अप्पा. आन तो कागद, आन. पेन कुठंय?"

"एक विचारलंय त्यांनी."

"काय?"

"मोर कातरून एजंटला दिलात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, कुठली बाजू वर हाय ते?"

तात्यासाहेबांचा हात पेनावर होता. तो तिथंच राहिला.

"काय विचारणं हाय हे," ते म्हणाले. "सांगितलं न्हाई का मी तुला? एजंटनं ठेवला मशीनवर..."

"एजंटनं कसा ठेवला ते न्हाई विचारलं. तुम्ही कसा दिला ते विचारलंय." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही न्हाई म्हणा, काका मानतील. व्हय म्हणा, तरी रागावणार न्हाईत. काहीतरी एक म्हणा तात्या! उद्याचाच दिवस हाय. उद्या माझं पत्र बंद पडलं, तर मी ह्या गादीवर बसून करू काय? सांगा ना, ठाऊक होतं का?"

"मॅडम?" गल्ल्यावरून चिन्मयचा हळू आवाज आला. "मी पाठवू का कागद?"

तात्यासाहेबांनी पेन खाली ठेवलं. हातातली अर्धी घडी झालेली साडी त्यांनी तशीच गादीवर सोडली, पायात चपला सरकवल्या, आणि लेकीकडं न बघता दुकानाची पायरी उतरून गर्दीत चालू लागले.